पुढे पाहुणे आहेत

झान्डफोर्ट,
४ सप्टेंबर

चि. आरेंड यास,

मी बरी आहे. तूही मजेत असशीलच. आशीर्वाद या खेपेला लिहीत नाही, हात वळत नाही. फोन केला असता, पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस.

तुझी फुलं दवाखान्यात पोचली. केवढा तो गुच्छ! आईच्या खाटेशी मावेना, म्हणून नर्सबाईंनी खिडकीत ठेवला. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. कॉफी पांचट आहे म्हणून कुरकुरते, म्हणजे बरी आहे. घरी कधी जायचं, एवढंच विचारत असते. कुठल्या घरी, पुढच्या की मागच्या, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तू म्हणतोस, आई स्वतःहून मागे राहायला गेली. गेली ना. आयुष्यभर तेच केलं तिनं. उन्हाळा आला की पुढचं घर समुद्रावर आलेल्या पाहुण्यांना भाड्यानं आणि आपण चौघं परसातल्या लाकडी खोलीत. अख्खं गाव तेच करायचं, त्यात लाज कसली? पण तेव्हा पाहुण्यांवर आपली चूल पेटायची. तुझी चूल कशावर पेटते रे? मोटारींची शर्यत गावातून बंद झाली होती, तेव्हा तुला या घराची आठवण नव्हती. ती परत आली, आणि तुझ्या कंपनीच्या गिऱ्हाइकांसाठी तू आयत्या बिळावर नागोबा झालास! त्या खोलीत आम्ही सायकली ठेवत होतो, आरेंड.

नियम आठवतो का? पाहुणे असताना पुढच्या अंगणात यायचं नाही, पुढचं दार वाजवायचं नाही, आवाज चढवायचा नाही. आपल्याला हसू आवरेनासं झालं की आई तोंडात पावाचा तुकडा कोंबायची. आपण विसरलो. ती विसरली नाही.

रविवारी माझी हेरिंग मासे विकायची हातगाडी आवरून मी तिच्यासाठी सूप घेऊन आले. शर्यत केव्हाच संपली होती. पुढच्या अंगणात तुम्ही सगळे नारिंगी सदरे घालून बिअर पीत होतात. तू ओरडलास, "ये गं नेल्त्ये, घे एक ग्लास! पण जरा लांबच बस, माशांचा वास येतोय!" सगळे हसले. मीही दात काढले आणि मागे गेले.

आई पलंग आणि भिंतीच्या मध्ये पडलेली होती. गाड्या सुटायच्या आधीपासून. ओठ पार सुकले होते. गाड्यांच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार, असं तू नंतर म्हणालास. गाड्या थांबल्यावर कसला आवाज होता? तुमच्या हसण्याचाच. मी म्हटलं, "अगं, हाक का नाही मारलीस? आरेंड इथं पलीकडेच बसलाय!" तर माझा हात दाबून म्हणते, "हळू बोल. पुढे पाहुणे आहेत."

आणि स्टेशनकडे निघालेल्या गर्दीतून अँब्युलन्स कशीबशी आली, तेव्हा तू त्या माणसांना काय विचारलंस? "मागच्या गल्लीतून नेता येईल का?" मी ऐकलं ते. आईनंही ऐकलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मघापासून टाळतेय. काल आईनं मला जवळ बोलावलं. वाटलं, आता तरी तुझ्याबद्दल काही बोलेल. म्हणाली, "पाहुणे खूश होऊन गेले ना? आरेंडला कळव, पुढच्या वर्षीही घर दे म्हणावं. मी राहीन मागे."

"आई, तू मरता मरता वाचलीस तिथं!"

"असू दे. चार लोकांत त्याची मान खाली जायला नको."

निरोप पोचवला. गिळून टाकावासा वाटत होता, पण तो तिचा आहे, माझा नाही. तुझा मला किती संताप आला आहे ते या कागदावर मावणार नाही.

आईला पाहुण्यांना नाही म्हणता येत नाही. मी म्हटलं तर मी भांडखोर. तेव्हा तूच म्हण. फुलं पाठवू नकोस, तू ये. तिच्या खाटेशी बस आणि घर कुणालाही देणार नाही असं सांग. चांगलं मोठ्यानं सांग, कुणी का ऐकेना.

तोवर फक्त नावापुरती तुझी बहीण,
नेल्त्ये