पाटीवरचं नाव

४ सप्टेंबर १८८४, गुरुवार

छापून आलं. माझं नाव वर्तमानपत्रात, आणि तेही चुकीचं.

'डायसी टॉलिव्हर हिने आपल्या जमिनीवर पाच वर्षे सलग वास्तव्य केले असून...' शाळेच्या बाईंनी वाचून दाखवलं. मग मी स्वतः बोट ठेवून वाचलं, दोनदा. कोणाची हरकत असल्यास कळवावे, म्हणे. माझीच आहे!

सहा आठवडे दर गुरुवारी हेच छापणार. सरकारचा नियम. मग शपथ, मग पाच वर्षं राहून कसलेल्या सरकारी जमिनीचा कागद माझ्या हाती.

५ सप्टेंबर

चूक माझीच. कॅन्ससला आले त्या वसंतात जमीन-कचेरीत कारकुनानं विचारलं, नाव? डायसी म्हटलं. आडनाव? टॉलिव्हर मालकाच्या कापसातल्या गुलामीतून सुटून तेव्हा चौदा वर्षं झाली होती, तरी जीभ जुन्या वाटेनंच गेली. कोणाची गं तू, असं कोणी विचारलं की टॉलिव्हरांची म्हणायचं — रांगत होते तेव्हापासून हेच शिकवलेलं. चूक लक्षात येईतो शाई वाळली होती.

मी डायसी एमॉस. एमॉस माझा बाप, सुतार होता. सगळी वस्ती मला एमॉस म्हणते. फक्त सरकार नाही.

७ सप्टेंबर, रविवार

चर्चनंतर शेजारची व्हायनी आली. हातात त्या वर्तमानपत्राच्या आठ प्रती. "कोणाकोणाकडून मागून आणल्या! तुझं नाव छापलंय, जपून ठेव."

म्हटलं, माझं नाही, त्या मेल्याचं छापलंय.

"नाव तुझं, आडनाव त्याचं. अर्धा भाग तरी ठेव की."

तिचा नवरा अ‍ॅब्सलम हसत बसला. म्हातारा माझा साक्षीदार आहे, म्हणून सोडलं.

१२ सप्टेंबर

काकवीचा हंगाम. अ‍ॅब्सलमच्या खेचरानं घाणा ओढला, आम्ही दोघी कढईपाशी. हात चिकट, केस चिकट, दाराची कडी चिकट. मक्याच्या भाकरीवर गरम काकवी घेतली आणि तिघं खात राहिलो. बरं वाटलं. मला बरं वाटतं तेव्हा मी लिहीत नाही, पण आज लिहिते.

१९ सप्टेंबर

दुकानदाराकडे अंड्यांची पेटी द्यायची होती. एरवी ओटच्या कोंड्यात भरते. कोंडा डुकरांनी खाल्ला. मग व्हायनीच्या आठही प्रती काढल्या आणि एकेक अंडं गुंडाळलं. टॉलिव्हर टराटरा फाडताना हाताला आराम पडला. पेटी आगगाडीनं लेव्हनवर्थला जाते. जाऊ दे.

वर माझ्या नावाची चिठ्ठी लावली, नेहमीसारखी. अंडं नासकं निघालं तर कोणाला शिव्या द्यायच्या ते कळावं.

२१ सप्टेंबर, रविवार

व्हायनीला कळलं. रुसली. "इतका राग कशाला गं? नावच तर आहे."

तिला सांगितलं नव्हतं, आज सांगितलं. टॉलिव्हरच्या लेकीचं लग्न झालं तेव्हा पोरीला आंदण दिलं — पलंग, दोन गाई, चांदीचे चमचे आणि माझी लेक थीनी. सहा वर्षांची. गाडीत चमच्यांच्या पेटीशेजारी बसवली होती.

सुटका झाल्यावर तीनदा चर्चांमधून चिठ्ठ्या फिरवल्या. 'डायसी एमॉस आपल्या थीनीला शोधते आहे.' पाद्री म्हणाले, टॉलिव्हर लिही, पोरीला तेच ठाऊक असेल. मी नाही लिहू दिलं. उत्तर आलं नाही. आता शोधत नाही.

व्हायनीनं उठून माझ्या गोवऱ्या आत आणून रचल्या, मी न सांगता.

२ ऑक्टोबर

टर्निप उत्तम. डुकरं माजलीत. मातीच्या ढेपांचं घर, पण छप्पर या वर्षी गळलं नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

शपथ झाली. कारकुनानं अ‍ॅब्सलमला विचारलं, बाई पाच वर्षं खरंच इथं राहते का? म्हणाला, "राहते साहेब. रोज ओरडते, ते माझ्या घरापर्यंत ऐकू येतं." कारकून हसला.

मी म्हटलं, आता एमॉस लिहा. तो म्हणाला, "बाई, जमीन टॉलिव्हरला मिळतेय. एमॉसला हवी असेल तर तिनं नवा अर्ज करावा आणि पाच वर्षं राहावं."

तोंडावर आलेलं गिळलं. सही केली. टॉलिव्हर, वाकडीतिकडी, पण स्वतःच्या हातानं. एकशे साठ एकर. येताना गाडीतून उतरले आणि शेवटचा तुकडा चालत आले. माझ्या मातीवरून.

१ नोव्हेंबर

अ‍ॅब्सलम पाटी करतोय. रस्त्याच्या फाट्यावर लावायची. काजळी वंगणात कालवून काळं केलं, शाळेच्या बाईंनी अक्षरं आखून दिली. डायसी एमॉस. कागदावर काहीही असो, पाटी माझी. लांबून बघितली, जवळून बघितली. चांगली दिसते. आत येऊन पुन्हा बाहेर गेले बघायला.

१३ नोव्हेंबर

लेव्हनवर्थच्या एका खाणावळीतून पत्र. बाईंकडे नेलं नाही. दारातच बसले, एकेक अक्षर लावत.

'अंडी सोलताना नाही, कागद सोलताना नाव दिसलं. डायसी टॉलिव्हर. माझ्या आईचं नाव. पूर्वी एकदा चर्चमध्ये चिठ्ठी वाचली होती, पण ती कोणी एमॉस होती, म्हणून गप्प बसले. तुझ्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग असेल तर मी येते. अजून मला थीनी म्हणणारी तूच उरलीस.'

डाग आहे.

१४ नोव्हेंबर

अ‍ॅब्सलमला सांगितलं, पाटी खरवड. टॉलिव्हर लिही. मोठं. गाडीत बसलेल्या माणसाला वाचता येईल इतकं.