ठणठणीत

प्रिय ताई,

तू सांगितलंस तसं सगळं करते आहे. सकाळी चालायला जाते, वेळेवर जेवते, झोपण्याआधी गुडघे टेकून प्रार्थना करते. बोर्डिंगमध्ये तू माझ्या बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारून द्यायचीस ना, अजून तशीच मारते.

आज तपासणीला गेले होते. डॉक्टर खूश होते. "काकू, हृदय एकदम ठणठणीत! अजून वीस वर्षं काळजी नको."

मी विचारलं, "वर्षं थोडी कमी नाही का होणार?"

ते खो खो हसले. "भारी विनोदी आहात हो तुम्ही!"

बाहेर येऊन दवाखान्याच्या जिन्यात बसले आणि पोटभर रडले. माझ्या लेकीचं हृदय ऐन तिशीत बंद पडलं, त्याला वर्षही झालं नाही. आणि तिच्याशिवाय जगायला मी मात्र इतकी धडधाकट होऊन बसले आहे.

देवाकडे मागण्यासारखं काही उरलं नाही ग. शाळेत हजेरीच्या वेळी म्हणायचो, तसं डोळे मिटून नुसतं 'हजर' म्हणते. तिकडून काहीच ऐकू येत नाही. तरी म्हणते.

हे वाचून तू दुखरे गुडघे घेऊन धावत येशील, म्हणून पत्र पाठवत नाही. उद्या फोनवर विचारशीलच, "गेली होतीस का ग चालायला?" तुझ्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. तेवढ्यासाठी तरी सकाळी उठावं लागेल.

तुझ्या हाताच्या गाठीवर चालणारी,
तुझी धाकटी