लेकीच्या प्रयोगशाळेची वाट

१२ ऑक्टोबर

डाव्या बुटाविरुद्ध इथे रीतसर फिर्याद नोंदवतो. उजवा सुस्वभावी, डावा टाचेला चावतो. एकाच खोक्यातून आलेले, एकाच संस्कारात वाढलेले दोघे – तरी हे असं! आणि संपादकांचं फर्मान असं की इथले एक थोर भौतिकशास्त्रज्ञ आपल्या खोलीपासून प्रयोगशाळेपर्यंत रोज ज्या वाटेने जात, ती वाट चालायची आणि लेखमाला पाठवायची. "वाचकाला पायाखालची फरशी जाणवली पाहिजे." मला जाणवतेय. वाचकाचं बघू.

काम मी मागून घेतलं, हे त्यांना ठाऊक नाही. लेक त्याच प्रयोगशाळेत संशोधन करते. अलीकडे तिचे फोन टपालाच्या तारेसारखे आखूड झालेत – बरी आहे, कामात आहे, ठेवते. तिच्या आईने मला पिटाळलं. "अहो, लेख कसेही लिहा. ती जेवते का, तेवढं बघून या."

१३ ऑक्टोबर

लेकीच्याच खोलीवर उतरलोय. जेवत नाही. मला आग्रहाने वाढते आणि स्वतः पाणी पिते.

१४ ऑक्टोबर

वाट दाखवायला एक निवृत्त मास्तर मिळाले. विटांच्या काळवंडलेल्या इमारती, अरुंद गल्ल्या, दर चार दारांआड पाटी. इथे ते विचार करत थांबत. इथे त्यांची टोपी उडाली.

"टोपीलासुद्धा पाटी?" मी म्हटलं.

"छत्री पण विसरले होते एकदा. तिचा ठराव अजून समितीपुढे आहे." मास्तर गंभीर. मी शंका काढायची, त्यांनी ती खोडायची – पूर्वपक्ष, उत्तरपक्ष. पाठशाळेत परतल्यासारखं वाटलं, फक्त पाय इतके दुखत नसत तेव्हा.

संध्याकाळी लेक खांद्याला पिशवी अडकवून वेळेवर आली.

"काय मग संशोधकबाई, लागला का शोध?"

"बाबा, शोध असे लागत नाहीत."

"मग कसे लागतात?"

पूर्वी या प्रश्नावर चमचे-वाट्या मांडून तासभर समजावलं असतं. आज म्हणाली, "दार लावून घ्या ना, गार वारा येतोय."

१५ ऑक्टोबर

लेख तसाच अर्धा. बसलो तिथेच डुलकी लागली.

उद्या प्रयोगशाळा बघायची आहे म्हटल्यावर तिच्या हातातला पेला जरा थांबला. "या, पण मला हाक नका मारू. यंत्र चालू असतं, मधेच उठता येत नाही."

१६ ऑक्टोबर

प्रयोगशाळेच्या अंगणात दुपारचा चहा होतो. त्या थोरांनीच घालून दिलेला शिरस्ता – संचालकापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांनी खाली यायचं. यंत्र चालू असलं तरी. आणि चहा पिताना शेजाऱ्याला एवढंच सांगायचं की आपलं कुठे अडलंय. यश सांगायला बंदी! झाडूवालीचं जिन्यावरच्या डागाशी अडलं होतं. संचालकांचं वरिष्ठांशी.

मी अंगणभर एकेक चेहरा बघत फिरलो. लेक नव्हती. प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मुलगी कोणीतरी दाखवली, तिला विचारलं.

"तिचे बाबा तुम्ही? कशी आहे ती आता?"

"म्हणजे?"

"उन्हाळ्यापासून येत नाही ना इथे. आम्हाला वाटलं, तुमच्याकडे घरी गेलीय."

आम्हाला वाटत होतं ती इथे आहे. यांना वाटत होतं ती आमच्याकडे.

"शेवटी शेवटी चहाला यायची," ती मुलगी म्हणाली, "पण तिची पाळी आली की म्हणायची, माझं काहीच अडलं नाही. आम्ही हसायचो. नशीबवान म्हणायचो तिला."

मास्तर परतीच्या वाटेवर एका पाटीपाशी थांबले होते. मी थांबलो नाही.

१७ ऑक्टोबर

सकाळी ती पिशवी घेऊन निघाली. "येते बाबा." मी म्हटलं, "ये." मागोमाग जावं म्हणून जिना उतरलो. कोपऱ्यावरून ती प्रयोगशाळेच्या उलट दिशेला वळली. मी तिथेच उभा राहिलो.

घरून हिचा फोन आला. "जेवते का हो?"

"जेवते," म्हणालो.

१८ ऑक्टोबर

संशोधन सुटलं, त्याचं मला काही नाही. दिवसभर ती कुठे असते, कोणापाशी बोलते, हे मला माहीत नाही. विचारलं, तर एखाद्या संध्याकाळी ती परत येणार नाही अशी भीती वाटते. नाही विचारलं, तरी तीच.