‘या की एकदा इकडे’ म्हटल्याची शिक्षा

श्रीमान शालकमहोदय यांस,

तुझ्या भाऊजींचे अनेक आशीर्वाद. (यांतले निम्मे हातचे राखून ठेव. पत्र संपल्यावर लागतील.) आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत, म्हणजे काळजी करण्यासारखं बरंच आहे. तुझी प्रकृती उत्तम असावी, गुडघा बरा असावा आणि घरातली पाण्याची टाकी मोठी असावी. टाकीचं का विचारतो, ते ओघात येईल. फोन न करता पत्र लिहितोय याचं नवल वाटू देऊ नकोस. आमच्या घरात फोन हल्ली स्पीकरवरच चालतो. एका फोनच्या पैशात सगळ्यांनी ऐकावं, ही माझ्या आत्याची शिस्त आहे.

तुझी चूक तशी एकच. इतकी वर्षं तू आफ्रिकेच्या त्या पश्चिम किनाऱ्यावर मासळीच्या शीतगोदामाचे हिशेब सांभाळतोयस आणि दर वेळी फोन ठेवताना न चुकता म्हणतोस, ‘ताई, या की एकदा इकडे.’ आपल्या लोकांत या वाक्याचा अर्थ ‘बरं, ठेवतो आता’ एवढाच असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पुढच्याने ‘येऊ की’ म्हणायचं, की व्यवहार मिटला. पण मागच्या फोननंतर तुझी ताई उठून भिंतीवरच्या जगाच्या नकाशाजवळ गेली (तो आम्ही पोपडे झाकायला लावलाय, प्रवासाला नव्हे), तुझ्या देशावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “येऊ म्हटलंय, तर जाऊ या.” बोट तिने बराच वेळ उचललं नाही. तुला शेवटचं पाहिलं तेव्हा तुझ्या डोक्यावर केस होते, असंही काहीतरी म्हणाली.

मी नको म्हटलं नाही. नको म्हणणारा माणूसच नाही मी. मी फक्त म्हटलं, बजेटात बसवा. या दोन शब्दांनी आजवर आमच्या दारातून एक डोंगर, दोन समुद्र आणि एक सोफा परत पाठवलाय. यंदाही तसंच झालं असतं, पण हे शब्द आत्याच्या कानावर पडले. आत्या तुला आठवत असेल. आमच्या लग्नात भेटवस्तू उलट्या करून किमतीचं लेबल शोधत होती, ती. तिने वरच्या मजल्यावरच्या निवृत्त कॅशियरना हाक मारली (हे गृहस्थ अजूनही झोपेतून उठल्यावर आधी हाताची बोटं मोजून घेतात), आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर, आमच्याच चहावर, समिती बसली.

मी आपला एक जबाबदार घरमालक म्हणून अडचणी तेवढ्या मांडत गेलो. पहिली अडचण तिकिटाची. कॅशियरांनी दोन दिवस संगणकाला नाक लावून असं तिकीट शोधलं, ज्यात तीन विमानं बदलायची आणि मधली एक रात्र विमानतळाच्या खुर्चीत काढायची. एवढ्याच पैशात तीनदा उडायला मिळतंय, असं ते अभिमानाने म्हणाले. पडायची संधीही तिप्पट, हे मी मनात म्हटलं. मग मी निदर्शनास आणलं की तिकीट स्वस्त आहे याचं कारण त्या महिन्यात तुझ्याकडे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, रस्ते दिसत नाहीत आणि किनारा बघायचा तर पोहत जावं लागतं. आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “पावसाचे वेगळे पैसे घेतात का?” समितीने महिना मंजूर केला.

मग सामानाचं वजन. स्वस्त तिकिटाला सामान जवळजवळ नसतंच. पण अंगावरच्या कपड्यांचं कोणी वजन करत नाही, हा शोध आत्याचा. त्याची रंगीत तालीम आमच्या बैठकीच्या खोलीत झाली. विषुववृत्ताच्या शेजारी जायचं म्हणून आत्या तीन स्वेटर, त्यावर माझा कोट आणि काखेत प्रेशर कुकर (‘हातातली पिशवी’ या सदराखाली) अशी टेबलाभोवती फेऱ्या मारायला लागली. तिसऱ्या फेरीला ती पंख्याखाली मटकन बसली. आता हिला निदान शहाणपण तरी सुचेल, अशी मला आशा वाटली. घोटभर पाणी पिऊन ती म्हणाली, कोटाला आतून चार खिसे आहेत, त्यात डाळ बसेल. या सबंध वेळात तुझी ताई कोपऱ्यात बसून तुझ्यासाठी काय काय न्यायचं ते ठरवत होती आणि स्वतःशी हसत होती. हल्ली ती भाजी चिरतानाही गुणगुणते. घरात असा आवाज बऱ्याच वर्षांत नसल्याने पहिल्या दिवशी मी नळ तपासला.

अखेर मी हुकमाचा एक्का काढला. तुझ्या देशात पाय ठेवायचा तर पीतज्वराची लस टोचल्याचं पिवळं कार्ड लागतं. लसकेंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. शिवाय तिथली कुपी दहा जणांची असते. एकदा फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते, म्हणून दहा गिऱ्हाईकं जमल्याशिवाय ते फोडत नाहीत. आम्ही दोघं, फार तर आत्या धरून तीन. उरलेले सात जमेपर्यंत वाट पाहायची, बोलावलं की टॅक्सी करून जायचं, एखादा आलाच नाही तर परत यायचं. मी हे सगळं दुःखी चेहऱ्याने सांगितलं. तेवढ्यात आत्याने विचारलं, ही लस टिकते किती? मी गाफीलपणे खरं बोललो. जन्मभर.

अरे, या इमारतीत बादलीची सहा महिन्यांची हमी बघून माणसं दोन बादल्या घेतात. जन्मभर टिकणारी वस्तू, तीही घाऊक दरात, हे ऐकल्यावर संध्याकाळपर्यंत दहा माणसं तयार. कॅशियर आणि त्यांच्या सौभाग्यवती. तळमजल्यावरचा शिंपी आणि त्याचे दोन भाऊ. समोरच्या दंतवैद्य बाई आणि त्यांचे यजमान (जे घरात तोंड उघडत नाहीत, का ते तूच समज). एकानेही आयुष्यात शहराची वेस ओलांडलेली नाही. पीतज्वर त्यांना शोधत इथपर्यंत आला असता तर पत्ता विचारूनच दमला असता. तरीही रविवारी सगळे न्हाऊनधुऊन, एका मोठ्या टॅक्सीत एकमेकांच्या मांडीवर बसून, लसकेंद्रावर पोहोचले. डॉक्टरांनी आत्याला वय विचारलं, तर तिने त्यांनाच त्यांचं वय आणि फी विचारली. कुपी फुटली, दहा दंड उघडे झाले, दहा पिवळी कार्डं मिळाली. मी त्या वेळी खाली जिन्यापाशी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत होतो. कुणीतरी सांभाळायलाच हव्यात.

खरी गंमत परतताना. टॅक्सीत सगळे आपापलं कार्ड निरखत होते, आणि कॅशियर म्हणाले की आता ही लस वापरली नाही तर वाया जाणार. जन्मभराची लस टोचून घेऊन घरी बसायचं, म्हणजे आगाऊ दंड भरून गुन्हाच न करण्यासारखं आहे. घर येईपर्यंत सगळ्यांचं ठरलं होतं. राहण्याचा खर्चही नाही, आत्याने सांगितलं. सूनबाईंचा सख्खा भाऊ आहे तिथे, सारखा बोलावत असतो. तर आता ही सगळी वरात तुझ्याकडे निघाली आहे. शिंप्याने मशीन आणू का विचारलंय. टॅक्सीवालाही येतोय, तो यात कसा आला ते सांगत बसलो तर पत्राचं वजन वाढेल आणि तिकीट जास्त लागेल. टाकीचं का विचारलं, ते आता लक्षात आलं असेल.

तुझ्या ताईचा आनंद मात्र बघण्यासारखा आहे. तुझा शाळेतला गणवेशातला फोटो तिने पर्समध्ये ठेवलाय. (वजन नगण्य, आत्याने मंजूर केलंय.) तिच्या आनंदात माझा आनंद, हे वेगळं सांगायला नकोच. कळावे; लोभ आहे तेवढाच पुरे, वाढवलास तर अकरा माणसांत वाटावा लागेल.

तुझा,
भाऊजी

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. हे पत्र मिळताच उलट टपाली एक कडक पत्र लिही. घरात एकाच माणसाची जागा आहे, छप्पर गळतं, समुद्र ओसरीपर्यंत येतो, जे सुचेल ते. म्हणजे हा बेत आपोआप बारगळेल आणि वाईटपणा माझ्याकडे येणार नाही. माझं नाव कुठेही नको. तुझ्या ताईला थोडं वाईट वाटेल, पण तेवढं बजेटात बसतं.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवून टपालात टाकायला तुझ्या ताईकडेच देतोय. काळजी नको, दुसऱ्याचं पत्र वाचण्याची पद्धत आमच्याकडे नाही.

*

अरे, मी ताई. पद्धत यांच्याकडे नाही, माझ्या माहेरी आहे, तुला ठाऊकच आहे.

पिशव्यांचं खोटं आहे. सुई दिसताच हे बाथरूमला जातो म्हणून जे उठले, ते थेट जिन्यावरून खाली. कुपी फोडून झाली होती, दहावा माणूस हवा, म्हणून आत्यांनी खाली जाऊन टॅक्सीवाल्याचा हात धरून त्याला वर आणलं. बिचारा अजून विचारतो, मला नक्की काय झालं होतं. कार्ड नसलेला माणूस या घरात एकच आहे, आणि यांचं असं आहे की हे मेले तरी टोचून घेणार नाहीत.

तर यांनी सांगितलंय तसंच पत्र लिही. एकाच माणसाची जागा आहे, हे ठळक लिही. ते मी टेबलावर सगळ्यांसमोर वाचून दाखवीन. वाईट वाटणं बजेटात बसतं म्हणे. नाही बसत, मी बसवून पाहिलंय बरीच वर्षं.

तिकीट काल काढलं. पाऊस सरल्यानंतरचं, एकच विमान बदलायचं, खिडकीची जागा. सामानही भरपूर नेता येतं, स्वेटर अंगावर घालायला नकोत. महाग आहे, पण दोघांच्या बजेटात एक माणूस अगदी ऐसपैस जातो. तू म्हणालास ‘या की’, ते मी दर वेळी खरंच मानत होते. विमानतळावर वेळेवर ये, टक्कल असलं तरी ओळखीन.

वेगळं पत्र लिहिणार होते. पण यांनी कागदाची ही बाजू कोरी सोडली होती, म्हटलं, कशाला वाया घालवा.