बारावी फेक

किलतोबर, जि. लिमरिक
२६ ऑक्टोबर १९०८

चि. फिनबार यास गोबनेटताईचे अ. आ.

धोंडाफेकीतल्या तुझ्या विक्रमाची बातमी पाद्रीबाबांनी चर्चमध्ये वाचली. बायका विचारत होत्या, कुंपणावरून उडी मारताना विजार फाडून घेणारा तो हाच का?

आई बरी नाही. रोज तिन्हीसांजेला मागच्या कुरणाकडे कान लावून बसते. तू धोंडा फेकतोयस म्हणते. बारा वेळा पडल्याचा आवाज मोजते आणि तुझं ताट वाढायला सांगते. मला काही ऐकू येत नाही, पण भीती वाटते रे. तो धोंडा तू भल्या मंडळींच्या, त्या पऱ्यांच्या, रिंगणातून उचललास. तिथली काटकीसुद्धा कुणी मोडत नाही, आणि तू धोंडा ट्रंकेत घालून अमेरिकेला नेलास! तो परत आण. 'पुढच्या वर्षी येतो' हे ऐकून चार वर्षं झाली.

ब्रिजिडमाउली तुला सांभाळो.
गोबनेट

न्यूयॉर्क, ५ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

पऱ्या आता बोटीचं तिकीट काढतात होय? माझ्याबरोबर सराव करणारे इथले पोलीस तो धोंडा उचलताना लालेलाल होतात. मी म्हणतो, लिमरिकचे बटाटे खा.

पण एक आहे, आईला सांगू नकोस. मी सराव भर दुपारी करतो. रोज बारा फेका. तेव्हा तिकडे तिन्हीसांज असते. हे मी कुणालाच लिहिलं नव्हतं.

वसंतात मोठा सामना आहे. तो झाला की येतोच. लोभ आटू देऊ नकोस.
फिनबार

किलतोबर, १६ नोव्हेंबर

चि. फिनबार,

आई गुरुवारी गेली. तिन्हीसांजेला तिने अकरा मोजले आणि थांबली. पोर दमलं वाटतं, हाताला धरून आण, जेवण निवतंय, म्हणाली. मी उठले नाही. मग तीच उठली, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर बसली ती बसलीच. तुझं पत्र शनिवारी आलं.

गुरुवारी तू किती फेकलेस?
गोबनेट

न्यूयॉर्क, २६ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

अकरा.

बाराव्या वेळी धोंडा खांद्याशी घेतला आणि कुणीतरी माझं कोपर धरलं. आई जेवायला ओढून न्यायची, अगदी तसं. मागे वळलो तर कुणी नव्हतं. ताई, मी तिथेच रडलो. तेव्हाच निघायला हवं होतं मला. खरं तर चार वर्षांपूर्वीच.

सामना राहू दे. शनिवारच्या बोटीने निघतोय, धोंडा ट्रंकेत आहे. तो जिथून उचलला तिथेच ठेवीन. पण त्याआधी तिन्हीसांजेला मागच्या कुरणात बारावी फेक टाकायची आहे. दार उघडं ठेव, आईला ऐकू जायला हवं. आणि माझं ताट वाढून ठेव.

तुझा,
फिनबार