तिसरा बाहुला

सान मिगेल, ऑक्टोबरचा शेवटचा मंगळवार

प्रिय एवेलियो,

एकोणीस वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट न उघडताच अम्पारोच्या हातात देशील, मी ओळखतो तुला. देऊ नकोस. पत्र तुलाच आहे. घाबरण्यासारखं काही नाही. मी ठणठणीत आहे, तोमासा आत्या माझ्याहून ठणठणीत आहे, आणि गेली अकरा वर्षं मी दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही, तेव्हा जे लिहितोय ते पूर्ण शुद्धीत. मारिक्रूझने परवा फोनवर सांगितलं, की तू तिच्या लग्नाला येत नाहीस म्हणून. "तुझा सख्खा बाप त्याच गावात आहे, चर्चमध्ये हात धरून न्यायचा मान त्याचा. मी मध्ये कशाला कडमडू? मी इथे डॅलसमध्ये बसून फोनवर बघेन," असं म्हणालास म्हणे. पोरगी रडली नाही, पण आवाज अगदी बारीक झाला होता तिचा. त्याबद्दल लगेच लिहीत नाही, आधी इकडची खबर ऐक.

तू सोडलंस ते गाव आता राहिलेलं नाही. दर शनिवारी तीन-तीन लग्नं, आणि त्यातलं एकही गावातलं नाही. कुणी ह्यूस्टनहून येतं, कुणी राजधानीहून. फोटोत मागे आपलं गुलाबी चर्च दिसलं की झालं त्यांचं लग्न. तारीख वर्षभर आधी धरावी लागते. माझी तक्रार नाही, माझी चूल त्यावरच पेटते. बाबांच्या वेळी आत शिरून नाचवायच्या या मोहिगांगा वर्षाला चार व्हायच्या, आता मी आठवड्याला दोन करतो. एक नवरीचा बाहुला, एक नवऱ्याचा, तेच बारा फूट, तीच कागदाच्या लगद्याची डोकी. तर एप्रिलमध्ये रेनाताबाईंचा फोन आला. या बाई दुसऱ्यांची लग्नं लावून देतात. कानाला फोन चिकटलेल्या अवस्थेतच जन्मल्या असाव्यात. म्हणाल्या, "उस्ताद, सोळा नोव्हेंबरला तीन बाहुले हवेत. मुलगी डॅलसची आहे, माणसं साधी आहेत, जरा सांभाळून घ्या." नाव सांगितलं मारिक्रूझ. मी म्हटलं, घेतो सांभाळून. पोरगी माझीच आहे हे सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे सांगायची लाज वाटली. आपल्याच गावात आपलीच पोर पाहुणी म्हणून येणार, आणि बापाला ते कंत्राट म्हणून कळणार.

जुलैत आत्याने बाईंना सगळं सांगून टाकलं आणि मग जी धमाल सुरू झाली ती अजून चालू आहे. बाईंच्या यादीत केक, उशा, फुलं, गोफ सगळं एकेकदा लिहिलेलं. आत्या म्हणाली, "यादी तुमच्याकडे असू द्या. आमच्यात प्रत्येक वस्तूला मानकरी लागतो." आणि पायांत चपला सरकवून ती गल्लीत निघाली. गुडघे टेकायच्या उशांचे मानकरी खाटीकदादा, नवरा-नवरीच्या खांद्यांवर घालायच्या गोफाच्या मानकरीण शाळेतल्या बाई, असं करत करत तिने केकचा मान चार घरांना देऊन ठेवला, कारण प्रत्येक दारात कॉफी प्यायली की आधीच्या दारात काय बोललो ते ती विसरते. आता दिलेला मान परत कसा घ्यायचा? रेनाताबाई हात जोडून म्हणाल्या, "आजी, एकाला तरी नाही म्हणा." आत्या म्हणाली, "तू म्हण. तुला परत राजधानीला जायचंय, मला इथेच मरायचंय." तर केक चार आहेत. होणारा जावई उलिसेस हे ऐकून फोनवर इतका हसला, की पोरगा मला तिथेच आवडला.

आता तिसऱ्या बाहुल्याचं. बाईंनी तीन फोटो पाठवले. पहिला मारिक्रूझचा, दुसरा उलिसेसचा. तिसरा उघडला तर तू. अंगात एप्रन, हातात चिमटा, निखाऱ्यावर मांस भाजत हसतोयस, आणि डोकं चकाकतंय. खाली पोरीने लिहिलं होतं, 'हे बाबा'. गड्या, खोटं कशाला बोलू, मी फोन उपडा ठेवला आणि तीन दिवस कारखान्याला कुलूप घातलं. आत्याने विचारलंही नाही. चौथ्या दिवशी ताटली आपटून म्हणाली, "चिडायचं असेल तर चीड, पण आधी जेव. मग ठरव तू कुणावर चिडलायस ते." ते काही मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. पण मी लगदा भिजवला.

आणि तुझं डोकं काही केल्या जमेना. एकदा केलं, दोनदा केलं, दोन्ही वेळा सव्वीस वर्षांचाच एवेलियो उतरला, दाट केस, बारीक मान. फोटो समोर होता, पण हात आठवणीतलंच करत होते. तिसऱ्यांदा आत्या दारात उभी राहून ओरडली, "हा कोण पोरगा आणलास? त्या बिचाऱ्याचं टक्कल पडलंय, त्याला त्याचं टक्कल दे." मग दिलं. रंगाचे तीन हात मारून चकाकवलंय, आता तक्रार करू नकोस.

टक्कल घासताना खूप आठवलं. आपण दोघं बाबांचे बाहुले उचलायचो, तू नवरीच्या आत, मी नवऱ्याच्या, पोटाला ठेवलेल्या भोकातून वाट बघत चौकातून नाचायचो. खाली फक्त बूट दिसायचे. अम्पारो म्हणायची, "तोंडं कुणाचीही असोत, आत कोण आहे ते बुटांवरून कळतं." तुझे बूट तेव्हाही पॉलिश केलेले असायचे, माझ्या एका टाचेचा खिळा बाहेर. तरी तिने खिळेवाल्याला पसंत केलं. पुढे तिचं डोकं ठिकाणावर आलं, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. म्हणजे वाटायचं. खूप वर्षं वाटलं. तू माझं घर घेतलंस असं मी प्यालेला असताना गावभर सांगत फिरलो, आणि ते तुझ्या कानावर आलं असणार, कारण या गावातली बातमी मला कळायच्या आधी डॅलसला पोचते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. एकोणीस वर्षांपूर्वी डॅलसच्या त्या बस स्टँडवर, अम्पारोला आणि पोरीला तिथेच ठेवून, मी महिनाभरात येतो म्हणून गावाकडच्या गाडीत चढलो, तेव्हा माझ्या अंगाला दारूचा वास येत होता आणि खिडकीतून मला दिसलं, की सात वर्षांची मारिक्रूझ तुझ्या खांद्यावर बसून हात हलवतेय. माझ्यापेक्षा तिला तुझ्या खांद्यावरून लांबचं दिसत होतं. मी परत येणार नाही हे मला तेव्हाच माहीत होतं, आणि मला वाटतं तुलाही. तू माझं काही घेतलं नाहीस, एवेलियो. मी वाऱ्यावर सोडलेलं तू सांभाळलंस. मी चिडलो होतो ते स्वतःवर, आणि हे कळायला मला तुझं डोकं तीनदा घडवावं लागलं. तेव्हा चर्चमध्ये पोरीचा हात तू धरायचा. हा मान मी तुला देत नाहीये, तो माझ्याकडे नव्हताच. पोरगी म्हणते दोघं दोन बाजूंना चाला, पण मला ते जमणार नाही, कारण त्या वेळी मी चर्चच्या दाराबाहेर असेन. नवरा-नवरी बाहेर आली, बँड सुरू झाला, की तिथे तीन बाहुले उभे असतील, आणि मुलगी आधी आपल्या बापाच्या बाहुल्यासोबत नाचेल. तो तीस किलोचा आहे, तुझ्या पोटासकट, पण तो मी दुसऱ्या कुणाला उचलू देणार नाही. पोरीला यातलं काही ठाऊक नाही, सांगू नकोस. ती वर तुझ्या तोंडाकडे बघून नाचेल, आणि ते बरोबरच आहे. तू मात्र तिथे हवास, तिच्या शेजारी, पॉलिश केलेले बूट घालून. एकदा खाली बघ. डाव्या टाचेचा खिळा बाहेर आलेला दिसेल.

तुझाच,
क्रिस्पिन