खंडेनवमीचे पाणी

आबा, गेल्या आठवड्यात गाडीत पिवळा दिवा लागला, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो आहे. कोणती गाडी, ते आधी सांगायला हवे. तुमच्या नातीने एक जुनी डिझेल मिनीबस विकत घेतली, आतली बाके काढली आणि तिथे दोन पलंग, शेगडीचा ओटा, पाण्याची टाकी आणि एक कपाट बसवून घेतले. म्हणायला गाडी, पण खरे तर चाकांवरचे बिऱ्हाड. कुटुंबे ती भाड्याने घेतात, कोकणात समुद्रकाठी मुक्काम करतात आणि सकाळचा चहा स्वतःच्या ओट्यावर उकळतात. तुम्ही असता तर ओट्याकडे पाहिलेही नसते, आधी बॉनेट उघडले असते. काळाचौकीला तुम्ही कामाला होता ते गॅरेज ज्या गल्लीत होते, तिच्या पुढच्याच गल्लीत ही गाडी उभी असते. गॅरेजच्या जागी आता औषधांचे दुकान आहे.

तुमच्या वेळच्या ट्रकमध्ये तेलाचा एक आणि बॅटरीचा एक असे दोन लाल दिवे असत, आणि बाकीचे सारे इंजिन तुम्ही कानाने ऐकत होता. आता इंजिनाचे चित्र असलेला एक पिवळा दिवा असतो. काय बिघडले ते तो सांगत नाही, काहीतरी बिघडले आहे एवढेच सांगतो. लाल दिवा लागला तर जिथे असाल तिथे थांबायचे, पिवळा असेल तर सावकाश घरी आणायचे, हे मला मुलीकडून कळले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती डिझेल भरायला निघाली होती आणि मी शेजारी बसलो होतो. लालबागच्या उड्डाणपुलाचा चढ लागताच दिवा पेटला आणि गाडीचा दम गेला. ती पाय दाबत होती, इंजिन आवाज करत होते, पण वेग काही वाढेना. एका टॅक्सीवाल्याने शेजारून जाताना वाकून अत्यंत गंभीरपणे विचारले, "ताई, धक्का मारू का?"

शनिवारी ही गाडी घेऊन एक कुटुंब जाणार होते. गाडी परत जागेवर लागल्यावर मुलीने स्टिअरिंगखालच्या खाचेत आगपेटीएवढे एक यंत्र खोचले आणि मोबाईलवर वाचून दाखवले की हवेच्या दाबाच्या सेन्सरकडून संकेत येत नाही. हा सेन्सर इंजिनाच्या माथ्यावर, हवेच्या नळीपाशी असतो. इंजिनात किती हवा शिरते ते त्याच्याकडून कळले, की त्या मानाने डिझेल सोडले जाते. कळले नाही तर गाडी हात आखडता घेते. आणि तीच नळी आठच दिवसांपूर्वी मेकॅनिकने सर्व्हिसिंगसाठी काढून पुन्हा बसवली होती. मुलीच्या दृष्टीने गोष्ट तिथेच संपली. "त्यानेच अर्धवट काम केलंय, बाबा. बंद करते त्याचं," ती म्हणाली. हा मेकॅनिक वरळी कोळीवाड्यातला, पन्नाशीचा. आधी मासेमारीच्या बोटींची इंजिने करायचा. अशी फिरती घरे असलेल्या सहा-सात मालकांना तिनेच त्याचे नाव सांगितले होते, आणि आता त्या सगळ्यांना उलट कळवायचे तिने ठरवले होते. एवढ्या कामावर त्या माणसाचे घर चालते, हे तिलाही ठाऊक होते. ती कठोर नाही, आबा. तिच्यासमोर पुरावा होता, इतकेच.

मी मात्र गप्प बसलो. कारण नवमीला त्या इंजिनाची पूजा मी केली होती.

ती कशी केली तेही सांगतो. तुम्ही मला गिरगावात पाठशाळेला पाठवले तेव्हा दिलेला तांब्याचा तांब्या अजून माझ्याकडे आहे, काठाला पोच असलेला. नवमीच्या सकाळी तो भरून घेतला, बॉनेट उघडले. इंजिनावर काळ्या प्लास्टिकचे एक मोठे झाकण होते. देवतेवर झाकण ठेवून पूजा कसली करायची, म्हणून मी ते उचलून बाजूला ठेवले. तेलाचे बूच घट्ट आहे ना, डिझेलच्या फिल्टरचे तोंड बंद आहे ना, हे मी दोनदा हात लावून पाहिले. तेवढे मी शिकलो होतो. मग प्रोक्षण केले, हळदीकुंकू वाहिले, नारळ फोडून त्याचे पाणी वरून सोडले, फूल ठेवले आणि नमस्कार करून झाकण पुन्हा बसवले. तुमच्या काळच्या इंजिनाला तारा अशा नव्हत्याच. या इंजिनावर शिरांसारख्या तारा पसरलेल्या आहेत, त्या मला दिसत होत्या, पण त्यांचा विचार मनात आला नाही.

तेलाचे बूच तपासायला मी कुठे शिकलो, ते तुम्ही जाणता.

गिरणीतला दसरा मला अजून दिसतो. तुमच्या खात्यात विणकामाचे साचे धुऊन पुसून उभे असत, प्रत्येकाला झेंडूची माळ, आणि फिटर म्हणून पहिला नारळ तुमच्या हातून फुटत असे. संपाच्या वर्षी फाटक बंद होते. त्या नवमीला तुम्ही खोलीत पाटावर नट आवळायचे दोन पाने ठेवलीत, एक मोठा, एक लहान, आणि त्यांना गंध लावलेत. आईने विचारले की यंत्रे तिकडे अंधारात आहेत, पूजा इकडे कोणाची? तुम्ही म्हणालात की पाना हे पण यंत्रच. संप मिटला असे कोणी येऊन सांगितले नाही. तो नुसता ओसरत गेला, आणि तुम्ही पन्नाशीच्या उंबरठ्यावर काळाचौकीच्या गॅरेजात डिझेलचे काम नव्याने शिकू लागलात. दोन वर्षांत ट्रकचे डिझेल पंप तुमच्या हाती आले. पंप खोलायचा मान तिथे एकट्या तुमचा होता. मी तुमचा डबा घेऊन यायचो, आणि बाकावर मांडलेले ते केसाएवढ्या फटीने बसणारे दट्टे पाहून मला सूत्रग्रंथांची आठवण व्हायची, एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. हे तुम्हाला कधी सांगितले नाही.

त्याच वर्षी खंडेनवमीच्या आधी गॅरेजच्या मालकांनी तुम्हाला म्हटले की तुमचा मुलगा संस्कृत शिकतो, तर यंदा भटजी बाहेरून कशाला आणायचा? तुमच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी पाहिले. मी एकवीस वर्षांचा होतो, नव्याने शिकलेले सगळे मला त्या एका सकाळी म्हणून दाखवायचे होते. दाराशी एक ट्रक उभा होता, पंपाच्या नळ्या सोडलेल्या, आणि त्यांच्या उघड्या तोंडांवर तुम्ही एक फडके बांधले होते. फडके काळेकुट्ट, तेलकट. पूजेच्या ठिकाणी मलिन वस्त्र असू नये, एवढे मला पाठ होते. ते तिथे कशासाठी बांधले आहे, हे मला ठाऊक नव्हते आणि विचारण्याइतकी नम्रता तेव्हा नव्हती. तुम्ही बाहेर मालकांच्या पाहुण्यांना बसायला खुर्च्या देत होता. मी फडके सोडले, कोपऱ्यात टाकले, आणि मोठ्या आवाजात मंत्र म्हणत तांब्यातले पाणी इंजिनावर यथेच्छ शिंपडले. पूजा संपल्यावर फडके जसे होते तसे बांधूनही ठेवले.

डिझेलच्या यंत्रात पाणी म्हणजे विष. दसऱ्याची सुट्टी संपून तुम्ही पंप फिरवायला गेलात तर तो जाम झाला होता, दट्ट्यावर गंज. डबा घेऊन मी आलो तेव्हा ट्रकवाला मालकांशी तावातावाने बोलत होता आणि तुम्ही बाकापाशी एकटे उभे होता. तुम्ही माझ्याकडे न बघता, आवाज न चढवता विचारलेत, "झिला, पाणी खंय खंय घातलंस?"

मी म्हणालो, "फक्त बॉनेटवर."

तुम्ही मान हलवलीत. मग मालकांकडे जाऊन सांगितलेत की नळ्यांची तोंडे उघडी राहिली, चूक माझी. शिमग्यापर्यंत तुम्हाला पंपाला हात लावू दिला नाही. तुम्ही मागच्या अंगणात रॉकेलच्या परातीत सुटे भाग धूत बसलात. हाताची कातडी फुटली, बोटांना भेगा पडल्या, आणि आई रोज खोबरेल चोळताना म्हणायची, गिरणीत एवढी वर्षे काढली तेव्हा नाही फुटले कधी हात. मी पलीकडे बसून पाठांतर करत असे. तुम्ही मला एकदाच काही बोललात, तेही सहज, जेवताना, की पूजा करणाऱ्याने फडके कशाचे आहे ते ओळखावे. मी भातात कढी कालवत राहिलो. तेव्हाच मला कळले की तुम्हाला सगळे ठाऊक आहे, आणि तुम्हाला ठाऊक आहे हे कळल्यावर सांगण्याची गरज उरली नाही, असे मी मानून घेतले. ही समजूत मी चाळीस वर्षे सांभाळली. शास्त्र मात्र तसे म्हणत नाही. प्रायश्चित्ताच्या आधी ख्यापन सांगितले आहे. म्हणजे दोष आपल्या तोंडाने उच्चारायचा. समोरच्याला तो आधीच ठाऊक आहे, यावर सुटका नाही. हे मी विद्यार्थ्यांना निवृत्त होईपर्यंत शिकवत आलो.

गुरुवारी सकाळी मेकॅनिक आला. मुलीने त्याला नमस्कारही नीट केला नाही. एवढेच सांगितले की बिघाडाचा कोड तुझ्या नळीपाशीच दाखवतोय, बघ. त्याने मोबाईल पाहिला आणि परत दिला. "कोड वायरीचं नाव सांगतो, ताई. दुखणं आपल्याला शोधायला लागतं," तो म्हणाला. ती चहा आणायला गेली आणि तो कामाला लागला. आबा, मी तुम्हालाच पाहत होतो. त्याने आधी तेलाची पट्टी ओढून, पुसून, पुन्हा घालून पाहिली. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या पेल्यात घेतले आणि उजेडात धरले, तळाशी पाणी बसते का ते पाहायला. पाणी नव्हते. इंजिन चालू करून नळीच्या प्रत्येक जोडावर तळहात फिरवला, कुठे हवा निसटते का म्हणून कान लावला. नळी पक्की होती, त्याचे काम चोख होते. मग इंजिन बंद करून त्याने झाकण उचलले, सेन्सरचा प्लग दाबून उपसला आणि त्याचे तोंड स्वतःकडे वळवले.

आत गुलाबी, चिकट साका वाळून बसला होता. त्याने करंगळी फिरवली, नाकाशी नेली, आणि मग माझ्याकडे पाहिले. "काका," तो हळूच म्हणाला, "हिचा पण नवमीचा उपास सोडवलात वाटतं." बोटीवर खाऱ्या पाण्याने तारा अशाच खाल्ल्या जातात, पण ते पाणी वाळले की पांढरे होते, त्याला खोबऱ्याचा वास येत नाही, असेही तो म्हणाला. मग फवारा मारून त्याने प्लग स्वच्छ केला, पिना बारीक ब्रशने घासल्या, वाळू दिल्या, आणि खटकन आवाज येईपर्यंत दाबून बसवला. मुलीच्या यंत्राने त्याने कोड पुसला. किल्ली फिरवली, दिवा लागला आणि विझला, जसा विझायला हवा तसा.

मुलगी चहा घेऊन आली. काय होते, तिने विचारले. कप घेत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला की प्लग ढिला होता, सर्व्हिसिंगला माझ्याकडूनच राहिला असणार, याचे काही घेणार नाही मी. मुलीच्या देखत म्हाताऱ्या बापाचा पाणउतारा नको, एवढाच त्याचा हेतू होता. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि मोबाईल हातात घेतला. बाकीच्या मालकांना ती आता लिहिणार, हे मला कळले.

मी म्हणालो, "प्लग ढिला नव्हता. झाकण काढून पाणी मी ओतले. नवमीला. याचे काम चोख आहे."

मग तिने मोबाईल खिशात टाकला, त्याच्या कपात किटलीतला उरलेला चहा ओतला आणि त्याला म्हणाली, "चुकलं माझं, दादा." तिघे मिळून गाडी लालबागच्या पुलावर नेली. चढ कधी आला आणि कधी सरला ते समजले नाही. शनिवारी ते कुटुंब गेले. पुढच्या नवमीला पूजा मीच करणार आहे, झाकण न उचलता, कोरडी. फूल आणि अक्षता पुरतात, तशी सोय विधीतच आहे.

हे पत्र मी गाडीच्या कागदांच्या पिशवीत ठेवीन, विम्याच्या कागदामागे. तिथे ते कोणी वाचणार नाही. हे वाचून तुम्हाला वाटेल की मुलगा उशिरा का होईना, सुधारला. म्हणून एक गोष्ट राहिली ती लिहितो. मेकॅनिक बोलला आणि मी बोललो, यांच्यामध्ये वेळ गेला होता. गुलाबी करंगळी अजून तशीच होती, आणि मुलीने ती पाहिली नव्हती. त्याने ती फडक्याला पुसली. फडके घडी करून खिशात घातले. चहाचे दोन घोट घेतले. तितका वेळ, आबा, मी वाट पाहत होतो की हेही निभावून जाईल का.